जुन्या भिंगांचे कांठ

जुनीं भिंगें नव्या कॅमेऱ्यांवर चढवून फोटो काढण्याची हौस अलीकडे तरुण मंडळींत बरीच वाढली आहे. काका-मामांच्या ट्रंकेंत वर्षानुवर्षें पडून राहिलेलें अथवा जुन्या बाजारांत हातीं लागलेलें एखादें जर्मन किंवा जपानी भिंग घ्यावयाचें, मध्यें एक धातूचें कडें घालावयाचें आणि आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर तें बसवावयाचें, असा हा प्रकार आहे. हा नुसता षोक आहे कीं यांत कांहीं काटकसरहि आहे, असें आमच्या कांहीं वाचकांनीं विचारलें आहे. काटकसर आहे आणि गुणहि आहे. परंतु भिंगांची एक जात अशी आहे कीं, जिच्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. आणि मौज ही कीं, तीच जात जुन्या काळीं फार गुणी मानली जात असे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठीं घडविलेल्या वाइड-अँगल, म्हणजे विशालकोनी, भिंगांकडे आमचा रोख आहे.

याचें कारण समजण्यास थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. या कॅमेऱ्यांत भिंगांतून न पाहतां निराळ्या खिडकींतून पाहावयाचें असतें, आणि त्या खिडकींत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या कीं अंतर बरोबर लागलें असें समजावयाचें. जर्मनींतील व्हेट्झलार येथील लायट्झ यांचा नांवाजलेला लायका १९२५ सालीं बाजारांत आला, व १९३२ पासून त्यांत भिंगाशीं जोडलेला अंतरमापक येऊं लागला. दुसरें कुळ रिफ्लेक्स कॅमेऱ्यांचें. त्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्यें आरसा तिरपा बसविलेला असतो व फोटो घेतेवेळीं तो वर उचलला जातो. आरशाला हालण्यास जागा पाहिजे, म्हणून भिंग फिल्मपासून दूर ठेवावें लागतें. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ् कॅमेऱ्यांत हें अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. आतां ज्या भिंगाचें नाभीय अंतर अवघें २१ मिलिमीटर, त्याची ओढ फिल्मच्या जवळ बसण्याकडे असणार. त्याला दुपटीहून दूर बसवावयाचें म्हणजे पुढच्या बाजूस मोठालीं अंतर्वक्र भिंगें लावून मोठी कसरत करावी लागते.

रेंजफाइंडरमध्यें आरसाच नसल्यामुळें ही कसरत करण्याचें कारण नव्हतें. लायकाच्या १९५४ पासूनच्या एम् जातींत भिंगाची बैठक फिल्मपासून २७.८ मिलिमीटरवर आहे, आणि भिंगाचा मागचा भाग त्याहूनहि आंत शिरूं शकतो. या सवलतीचा फायदा घेऊन लुडविग बर्टेले यानें झाइस कारखान्यासाठीं बायोगॉन हें भिंग रचलें. श्नायडरचें २१ मिलिमीटरचें सुपर-अँग्युलॉन १९५८ सालीं लायकासाठीं निघालें. या भिंगांची रचना जवळजवळ सममित असते, म्हणजे पुढचें अर्ध तसेंच मागचें अर्ध. पुढच्या अर्धानें रेषा वांकविली तर मागचें अर्ध ती उलट वांकवून सरळ करतें. त्यामुळें देवळाचा खांब खांबासारखा उभा व तुळई तुळईसारखी आडवी येते. त्याच बर्टेलेनें स्वित्झर्लंडांतील विल्ड कारखान्यासाठीं विमानांतून भूमापन करण्याचें अ‍ॅव्हियॉगॉन भिंगहि रचलें. भिंती आणि भूमि यांचें माप घ्यावें, अशा योग्यतेचीं हीं भिंगें आहेत, हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

पुढें आरसाच गेला. २००८ सालीं पॅनासॉनिकनें मिररलेस जातीचा जी-१ काढला आणि २०१३ सालीं सोनीनें ए-७ काढला, ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मएवढाच, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे. सोनीच्या या जातींत भिंगाची बैठक सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर आहे. लायकाच्या २७.८ मधून १८ वजा केले कीं ९.८ मिलिमीटर उरतात. तितक्या जाडीचें पोकळ कडें मध्यें घातलें कीं भिंग आपल्या मूळच्या अंतरावर येऊन बसतें. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना येथें इडागमाची आठवण होईल. ‘पठ्’ आणि ‘तव्य’ यांच्यामध्यें ‘इ’ येऊन ‘पठितव्य’ होतें. त्या इकाराला स्वतःचा अर्थ नाहीं, सांधा जुळविणें एवढेंच त्याचें काम. या कड्यांतहि काच नसते, त्यामुळें चित्राच्या गुणांत त्यानें भरहि पडत नाहीं आणि घटहि होत नाहीं. मात्र त्याची जाडी बिनचूक हवी. तें किंचित् जाड असलें तर दूरचा डोंगर कधींच स्पष्ट येत नाहीं. पातळ असलें तर भिंगावर कोरलेले अंतराचे आंकडे निरुपयोगी होतात. विशालकोनी भिंगांत तर केंसभर फरकहि भोंवतो.

इथवर सर्व ठीक. गेल्या वैशाखांत आमच्या वडील बंधूंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. वाड्याच्या चौकांत चौतीस माणसें जमलीं. चौक अरुंद, मागें सरावयास जागा नाहीं, म्हणून पुतण्यानें २१ मिलिमीटरचें एक जुनें रेंजफाइंडर भिंग आपल्या मिररलेसवर चढविलें. कोणाचें भिंग व कोणाचा कॅमेरा हें सांगण्याचें कारण नाहीं. मधली मंडळी अशीं उमटलीं कीं, वहिनींच्या नथीचे मोती मोजून घ्यावे. परंतु डावीकडची पांढरी भिंत जांभळट, उजवीकडची हिरवट, चारी कोपरे अंधारलेले, आणि दोन्ही टोकांचीं माणसें ओल्या शाईवरून हात फिरवावा तशीं फरफटलेलीं. एकत्र कुटुंबाच्या फोटोंत टोकाला कोण उभें राहतें हें वाचकांस सांगावयास नको: नवी सून, माहेरवाशिणीचीं मुलें, शिक्षणासाठीं घरीं राहिलेला भाचा. वहिनी फोटो पाहून म्हणाल्या, “ज्यांचे शंभर फोटो आहेत ते लख्ख, आणि जिचा या घरांतला पहिलाच, ती ओळखूं येऊं नये! हा कसला रे तुझा कॅमेरा?”

पुतण्याचा तर्क असा कीं, भिंग म्हातारें झालें. हा तर्क चुकीचा आहे. तेंच भिंग फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावलें असतां रंगांची अशी वांटणी होत नाहीं व टोकेंहि पुष्कळ स्वच्छ येतात. खरीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण समजण्यास विहिरीकडे पाहावें. माध्यान्हींचें ऊन तळाला पोंचतें. सकाळचें तिरपें ऊन कांठाच्या आंतल्या भिंतीवरच अडतें. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर अशा २ कोटी ४० लक्ष सूक्ष्म विहिरी असतात, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसविलेली असते. सममित २१ मिलिमीटरच्या भिंगांतून कोपऱ्याकडे जाणारा किरण सुमारें ४५ अंशांनीं तिरपा येतो. तो एकीच्या गाळणींतून शिरतो आणि शेजारणीच्या विहिरींत पडतो. मग हिशेब चुकतो आणि भिंत जांभळट किंवा हिरवट होते. फिल्मवरचा रासायनिक थर पातळ व सपाट असल्यामुळें त्याला तिरप्या किरणांचा असा जाच होत नसे. कोपऱ्यांत अंधार मात्र फिल्मवरहि पडे, कारण तो भूमितीचा नियम आहे: साधारणपणें २१ मिलिमीटरच्या भिंगाच्या कोपऱ्यांत मध्याच्या चतुर्थांश आणि १५ मिलिमीटरच्या भिंगाच्या कोपऱ्यांत दशांश प्रकाश पोंचतो. अलीकडे कांहीं सेन्सरांत विजेच्या तारांचें जाळें विहिरीच्या तोंडाशीं न ठेवतां खालीं नेलें आहे. सोनीच्या २०१५ च्या ए-७ आर मार्क दोनमध्यें तें आहे. त्यानें विहीर उथळ झाली आणि रंगांचा त्रास पुष्कळ कमी झाला.

दुसरें कारण सेन्सरवरची काच. पातेल्यांत नाणें टाकून पाणी ओतलें म्हणजे तें वर उचलल्यासारखें दिसतें, हें आम्ही वर्गांत प्रतिवर्षीं दाखवीत असूं. वक्रीभवनाचा तोच नियम येथें लागतो. कित्येक मिररलेस कॅमेऱ्यांत ही काच दोन मिलिमीटरांच्या आसपास जाड असते. ती मध्यभागीं प्रतिमेला सुमारें दोन-तृतीयांश मिलिमीटर मागें ढकलते. त्याची भरपाई भिंग फिरवून होते. परंतु तिरप्या किरणांना ती अधिक ढकलते, आणि उभ्या-आडव्या दिशांना सारखें ढकलीत नाहीं. मग मध्य साधला तर कोपरा सुटतो. जुन्या भिंगकारांनीं गणित केलें तें अशी काच मध्यें नाहीं असें धरून. लायकानें हें ओळखून २००६ च्या आपल्या एम्-८ मध्यें काच अवघी अर्धा मिलिमीटर ठेवली, तर ती अवरक्त किरण पुरेसे अडवीना व काळे कृत्रिम कापड जांभळें दिसूं लागलें. शेवटीं भिंगावर लावण्यासाठीं निराळ्या गाळण्या द्याव्या लागल्या.

आतां उपाय. रंग आणि अंधार हे दोन्ही दोष घरच्या घरीं निघतात. भिंगाच्या तोंडावर पातळ पांढरें दुधी प्लास्टिक धरून, छिद्र तेंच ठेवून, एक कोरा फोटो घ्यावा. भिंग त्या कॅमेऱ्यावर कोठें किती रंग व अंधार पाडतें याचा तो नकाशाच होय. संगणकावरील सॉफ्टवेअर त्या नकाशावरून मूळ फोटो दुरुस्त करतें. लाइटरूममध्यें ही सोय आहे. कृष्णधवल फोटो काढावयाचा असेल तर रंगांचा प्रश्नच उरत नाहीं. फरफट मात्र अशानें जात नाहीं. छिद्र लहान करून ८ किंवा ११ वर नेलें तर ती कमी होते, समूळ जात नाहीं. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर भिंगाचे कांठच वापरले जात नाहींत म्हणून चित्र स्वच्छ येतें. पण मग २१ चें भिंग जवळजवळ ३२ सारखें वागतें, आणि विशालकोन मिळविण्याचा हेतूच बराचसा फसतो. सेन्सरवरची काच काढून पातळ काच बसवून देणारे कारागीरहि परदेशांत आहेत. आमच्या मतें घरच्या एकुलत्या एका कॅमेऱ्यावर ही शस्त्रक्रिया करूं नये, कारण त्यानंतर त्याच कॅमेऱ्यासाठीं बनविलेलीं नवीं भिंगें बिघडण्याचा संभव असतो. ५० मिलिमीटर व त्यापुढचीं जुनीं भिंगें बहुधा निर्धास्तपणें वापरावीं. ३५ चें पारखून घ्यावें. २८ आणि त्याखालचीं संशयानेंच हातीं धरावीं. फोग्टलेंडर या नांवानें जपानच्या कोसिना कारखान्यानें १९९९ सालीं काढलेलें १५ मिलिमीटरचें भिंग अशाच त्रासाचें होतें, पण त्याच भिंगाची २०१५ ची तिसरी आवृत्ति सेन्सरचा विचार करून नव्यानें रचलेली आहे. तेव्हां नुसतें नांव पाहून घेऊं नये, आवृत्ति विचारावी.

समूहाच्या फोटोसंबंधीं आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. काच पातळ असो, सेन्सर नवा असो, विशालकोनी भिंग कडेचा चेहरा ओढून रुंद करतेंच. २१ मिलिमीटरच्या चित्रांत अगदीं डाव्या-उजव्या कडेला आलेल्या डोक्याची रुंदी उंचीच्या मानानें जवळजवळ एक-तृतीयांशानें वाढते. तो भिंगाचा दोष नव्हे. सरळ रेषा सरळ ठेवण्याची ती किंमत आहे, आणि भिंतींना ती द्यावी लागत नाहीं, माणसांना द्यावी लागते. म्हणून आम्ही पुतण्यास सांगितलें कीं, चौतीस माणसें एका ओळींत कशाला? तीन ओळी कर, मुलें पुढें सतरंजीवर बसव, ३५ चें भिंग लाव आणि स्वतः दिंडी-दरवाजाच्या उंबऱ्यापर्यंत मागें जा. कडेला खांब येऊं देत. २१ चें भिंग लांकडी कोरीव कामासाठीं आणि माजघरासाठीं ठेव. दिवाळींत पुन्हां सगळे जमणार आहेत, तेव्हां धाकट्या सुनेला मधल्या ओळींत उभें करावयाचें असें वहिनींनीं आतांच ठरवून टाकलें आहे.

भिंग विकत घेतेवेळीं आपला कॅमेरा बरोबर न्यावा. दुकानदाराची चुना दिलेली भिंत सापडली तर उत्तम. तिचा एक फोटो ८ च्या छिद्रावर घ्यावा आणि चारी कोपरे मोठे करून पाहावे. नंतर रस्त्यावर येऊन दूरच्या पाटीचा एक घ्यावा, पाटी मध्यें न ठेवतां कोपऱ्यांत ठेवून. भिंगांतून विजेरीचा उजेड आरपार टाकावा. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखें कांहीं दिसलें तर ती बुरशी होय, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यांत ती वाढल्यावांचून राहात नाहीं. घरीं आणल्यावर भिंग त्याच्या मूळच्या चामडी पेटींत ठेवूं नये. चामडें ओल धरतें. पेटी कितीहि सुंदर असली तरी ती कपाटांत निराळी ठेवावी, आणि भिंग घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें.