रस्ता रुंद करू नका!

परवा ऑफिसात चहाच्या वेळी एकाने मोबाईल पुढे केला. ब्रिटनमधल्या सायकलवाल्यांच्या लाडक्या रस्त्यांचे फोटो होते. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास, सॉमरसेटमधली चेडर गॉर्ज, आणि लंडनजवळची बॉक्स हिल. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची शर्यत या बॉक्स हिलला नऊ वेळा वळसा घालून गेली होती. "नशीबवान आहेत लेकाचे! आपल्याकडे काय, तर खड्डे आणि धूळ." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

कारण ज्या माणसाने हे वाक्य टाकलं तो पडेगावात राहतो. म्हणजे देशातल्या सर्वात देखण्या रस्त्यांपैकी एक रस्ता त्याच्या दारावरून जातो, आणि साहेबांना त्याचा पत्ता नाही!

मी बोलतोय तो आपला वेरूळचा रस्ता. पहाटे साडेपाचला छावणीतून निघा. मिटमिटा, शरणापूर फाटा मागे पडेपर्यंत उजाडू लागतं. ऊन पाठीवर येतं आणि समोर देवगिरीचा तो सुळका आधी राखाडी, मग तांबूस होत जातो. दौलताबाद गाव, मग घाट, घाटात ती जुनी दगडी वेस. दिल्ली दरवाजा म्हणतात तिला. एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढीच रुंदी. वर कागजीपुरा, जिथे तुघलकाच्या काळापासून हाताने कागद करतात असं सांगतात. मग खुलताबाद. इथे मलिक अंबर झोपलाय, ज्याने १६१० मध्ये आपलं शहर खडकी म्हणून वसवलं, आणि इथेच औरंगजेबही. पुढे उतार, हात ब्रेकवर, आणि थेट वेरूळ. सगळे मिळून तीसेक किलोमीटर. पायात जोर उरला असेल तर खुलताबादहून म्हैसमाळ. अजून बारा-तेरा किलोमीटर, आणि दूरदर्शनचा टॉवर दिसू लागला की फुफ्फुसं तोंडात येतात. एवढ्या अंतरात यादव, तुघलक, निजामशाही, मुघल आणि राष्ट्रकूट. हार्डनॉटवाल्यांकडे एक रोमन किल्ला आहे. चांगला आहे. बस, एकच.

तर मग चुकतं कुठे?

चुकतं ते असं. हा रस्ता निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "चौपदरी झाला पाहिजे राव, फार जाम होतो." त्यात तथ्य आहे. रविवारी दुपारी वेशीपाशी दोन बस समोरासमोर आल्या की अर्धा तास गेला म्हणून समजा. मीही त्या रांगेत कारमध्ये बसून शिव्या घातल्या आहेत. पण त्यावरचा इलाज म्हणजे घाट कापा, वडाची झाडं पाडा, रस्ता रुंद करा? आपण सॉफ्टवेअरवाले लोक. मेमरी लीक असलेल्या सर्व्हरला नुसती रॅम वाढवत गेलं की काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. चार दिवस सगळं छान, पाचव्या दिवशी पुन्हा रात्री दोनला फोन. रस्त्याचंही तेच. रुंद केला की वेग वाढतो, वेग वाढला की गाड्या वाढतात, आणि काही वर्षांनी तोच जाम, फक्त चार रांगांमध्ये आणि झाडांशिवाय.

आता त्या ब्रिटनकडे जरा नीट बघा. हार्डनॉटचा रस्ता जगप्रसिद्ध आहे, काही ठिकाणी तीनास एक इतका चढ. आणि आजही तो एकेरी आहे! समोरून गाडी आली की एकाने बाजूच्या मोकळ्या जागेत थांबायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. तो रुंद करण्याइतके पैसे काय त्या देशाकडे नव्हते? त्यांनी वेगळं गणित मांडलं. १९५८ पासून मोटरवे खुले करत नेले, लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळवल्या आणि मोटरवेवर सायकलला बंदी घातली. पण त्यामुळे गावातून जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा चिंचोळ्याच राहू शकल्या. आज आपण ज्यांचे फोटो पाहून उसासे टाकतो त्या बहुतेक याच वाटा. तिथेही सगळं गोड नाही. १९९५ मध्ये लॉटरीच्या पैशातून ज्याची सुरुवात झाली त्या राष्ट्रीय सायकल जाळ्यातला जवळजवळ चौथा हिस्सा २०२० मध्ये ते चालवणाऱ्या संस्थेनेच यादीतून काढला. कारण काय, तर हे रस्ते पुरेसे सुरक्षित नाहीत. स्वतःच्याच नकाशावर काट मारायला धमक लागते. आपल्याकडे निळी पाटी लावली की सायकल ट्रॅक झाला, मग त्यावर रिक्षा उभ्या असोत नाहीतर पाणीपुरीची गाडी.

आपणही मोटरवे बांधलाच की. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. माळीवाड्यापाशी आपल्या अंगणातून जातो. त्यावर सायकलच काय, मोटरसायकललाही बंदी. ठीक आहे, मान्य. एकशेवीसने गाड्या धावणार तिथे आपलं काय काम? पण मग सौद्याचा दुसरा अर्धा भाग कुठे गेला? वेगवाल्यांना वेगळा रस्ता दिलात, तर जुना रस्ता हळू जाणाऱ्यांना ठेवा ना. धुळ्याकडे जाणाऱ्या ट्रकला दौलताबादच्या घाटात काय बघायचंय? शरणापूर फाट्यावरून माळीवाडा, कसाबखेडामार्गे घाट टाळून वेरूळला जाता येतं. तो रस्ता आहे, आज आहे, नवा बांधायला नको.

तुम्ही म्हणाल, चार हौशी लोकांच्या रविवारसाठी बाकीच्यांनी वळसा का घालायचा? प्रश्न रास्त आहे. आम्ही हौशी लोक तसे सहानुभूतीच्या लायकीचेही नाही. तिघे तिघे शेजारी चालवतो, वेशीत सायकल आडवी लावून फोटो काढतो. पण या रस्त्यावर सायकल आम्ही आणलेली नाही. साडेसहाला शहराकडे येणारा दूधवाला बघा. दहाच्या सुमाराला शाळेला निघालेल्या मुली बघा, अनेकींच्या सायकली सरकारी योजनेतून मिळालेल्या. सरकारने सायकल दिली, ती चालवायला कडेची जागा मात्र दिली नाही. आणि श्रावणातल्या शुक्रवारी रात्री बघा, भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून हजारो लोक पायी निघतात, बायका, पोरं, म्हातारे, काही अनवाणी. हा रस्ता आधीपासूनच हळू जाणाऱ्यांचा आहे. उपरे आहेत ते घाईवाले.

गेल्या पावसाळ्यात घाटाच्या अलीकडे एका ट्रॅव्हल्सच्या बसने मला दाबलं. हॉर्न आधी, आरसा नंतर. मी डांबर सोडून खाली उतरलो. उतरलो कसला, पडलो, कारण साईडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली होती. कोपर फुटलं, पुढचं चाक वाकलं. मागून येणारे एक काका त्यांची काळी जुनी सायकल स्टँडला लावून थांबले, पाणी दिलं, आणि म्हणाले, "तुमचं बरं आहे साहेब, तुम्ही हौसेनं येता. आम्हाला रोजच यायचंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून हे लिहितोय.

मागणं फार नाही. एक, वेशीतून आणि घाटातून जाणारी अवजड वाहनं कसाबखेड्याकडून न्या, निदान पहाटेपासून नऊपर्यंत. दोन, साईडपट्टी डांबराच्या पातळीला भरा. मुरूम लागतो, विदेशी सल्लागार नाही. तीन, शरणापूर ते वेरूळ वेगमर्यादा लावा आणि ती पाळली जाते का ते तपासा. चार, झाडांना हात लावू नका. चारही मिळून चौपदरीकरणाच्या खर्चाचा किरकोळ हिस्साही होणार नाही.

आणि आपल्या लोकांना एकच. सायकलसाठी लाखभर खर्च करून ती गाडीच्या टपावर बांधून लोणावळ्याला नेणाऱ्या मित्रांनो, आधी घरचा रस्ता चालवा. रस्त्यावर माणसं दिसली नाहीत, की तो गाड्यांसाठी मोकळा आहे असं ठरवायला कुणाला वेळ लागत नाही. पडेगावच्या त्या मित्राला मी येत्या रविवारी ओढून नेणार आहे. हार्डनॉट काय, निम्म्या घाटातच त्याची जीभ बाहेर येईल.

मग कागजीपुऱ्यात चहा. पैसे तो देणार.