शिकवलेले मांजर घरातच लघवी का करू लागते?

वर्षानुवर्षे ठरलेल्या जागी जाणारे मांजर एके दिवशी बिछान्यावर लघवी करते. दुसऱ्या दिवशी घडी घातलेल्या कपड्यांवर आणि तिसऱ्या दिवशी थेट जानमाजवर. मग घरात वाद सुरू होतो. दादीअम्मा म्हणतात, घर नापाक झाले, सोडून या त्याला. मुले रडू लागतात. शेवटी कोणीतरी त्याला पिशवीत घालून मच्छीबाजारात सोडून येते. हे अनेक घरांत घडते, म्हणून या महिन्यात आपण याच विषयावर बोलू.

आधी पाकीचा प्रश्न. मांजर घरात फिरते, अंगाला घासते, म्हणून घर नापाक होत नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या रिवायतीत मांजर नापाक नसून ते तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे आले आहे. मांजराचे मूत्र मात्र नजासतच आहे. कोकणातील शाफई घरे असोत की इतरत्रची हनफी, जानमाज आणि कपडे धुऊन पाक करावेच लागतात. म्हणजे अम्मीची तक्रार खरी आहे. पण तिचे उत्तर मांजराला हाकलण्यात नाही, कारण शोधण्यात आहे.

मांजर सूड म्हणून लघवी करत नाही. काल ओरडलो म्हणून आज माझ्याच उशीवर केली, असे आपल्याला वाटते. पण तेवढा हिशेब ते ठेवत नाही. त्याला मारणे, त्याचे तोंड ओल्या जागेवर घासणे याने ते एवढेच शिकते की माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे. पुढच्या वेळी ते कपाटामागे जाते.

सर्वांत आधी आजाराची शंका घ्यावी. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. त्यामुळे मांजर पाणी कमी पिते आणि त्याची लघवी दाट असते. मूत्राशयाला सूज आली किंवा त्यात खडे झाले, तर लघवी करताना दुखते. मग मांजराला वाटते की दुखणे त्या पेटीतच आहे, आणि ते मऊ जागा शोधते: गादी, दुलई, जानमाज. काही मांजरे उलट मोरीच्या थंड फरशीवर बसतात. पुन्हा पुन्हा बसणे, थेंब-थेंब लघवी, ओरडणे, लघवीत रक्त, ती जागा सतत चाटणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे.

बोक्याच्या बाबतीत तर अजिबात थांबू नये. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो पूर्ण बंद होऊ शकतो. बोका जोर लावतो आहे आणि लघवी येत नाही, असे दिसले तर ही तातडीची वेळ समजावी. एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघू, असे म्हणत रात्र काढू नये. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. मांजरासाठी ती विष आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे जावे.

वय झालेल्या मांजराची गोष्ट थोडी वेगळी. ते पाणी जास्त पिऊ लागले, लघवीही जास्त होऊ लागली, वजन घटले, तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइड असू शकतो. सांधे दुखत असतील तर उंच काठाच्या पेटीत चढणेच त्याला जड जाते. अशा वेळी पेटीची एक बाजू कापून खाली केली तरी फरक पडतो.

डॉक्टरांनी आजार नाही म्हटले, तर पेटीकडे पाहावे. मांजराला घाणीत पाय ठेवणे आवडत नाही. विष्ठा आणि ओली वाळू रोज काढावी. वाळू ३ ते ४ सेंटीमीटर जाड असावी आणि तिला अत्तरासारखा वास नसावा; आपल्याला सुगंध वाटतो तो मांजराला सहन होत नाही. पेटी जेवणाच्या भांड्याजवळ किंवा धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ नको. मांजरे जितकी, त्याहून एक पेटी जास्त, असा नियम आहे. छोट्या खोलीत ते जमत नसेल, तर निदान सफाई दिवसातून दोनदा करावी. वाळूचा प्रकार बदलला असेल तर जुनी परत आणून पाहावी. परसात जाणारे मांजर पावसाळ्यात ओल्या चिखलात जायला नाखूश असते. त्याला त्या दिवसांपुरती आत पेटी द्यावी. घरात गरोदर बाई असेल तर पेटीची सफाई दुसऱ्याने करावी, कारण मांजराच्या विष्ठेतून तिच्या बाळाला अपाय करणारा जंतू येऊ शकतो.

यानंतर घरातले बदल आठवावेत. नवी सून आली, बाळ झाले, ईदच्या आधी रंगकाम निघाले, पाहुण्यांनी घर भरले, खिडकीत परका बोका येऊन बसू लागला. आपल्याला हे बदल लहान वाटतात, पण मांजराचे जग वासावर आणि ठरलेल्या वेळांवर चालते. रमजानमध्ये घराची झोप आणि जेवण बदलते, तेव्हा मांजराचे खाणे शक्यतो रोजच्या वेळीच ठेवावे. गर्दीत लपायला त्याला एक शांत कोपरा द्यावा. काळजीमुळे मूत्राशयाला खरोखर सूजही येते, तेव्हा हा लाड नव्हे, उपचारच आहे.

शेपटी उभी करून, ती थरथरवत, भिंतीवर किंवा दारावर मागच्या बाजूने फवारा मारला जात असेल, तर ती हद्दीची खूण असते. बहुतेकदा वयात आलेला बोका हे करतो. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. त्याबाबत शरीअतचे मत जाणून घ्यायचे असेल तर आपल्या आलिमांना विचारावे.

सफाईचेही शास्त्र आहे. वास उरला तर मांजर तिथेच परत येते. ओली जागा आधी कापडाने टिपून घ्यावी, मग भरपूर थंड पाण्याने धुवावी. त्यावर पाण्यात कालवलेले व्हिनेगर लावावे, किंवा मूत्रासाठी मिळणारे एन्झाइमचे द्रावण वापरावे. फिनाइल मांजराला घातक आहे. ब्लीच लघवीवर ओतल्यास विषारी वाफ निघते, म्हणून तेही टाळावे. शेवटी पाक पाण्याने धुऊन घ्यावे. जानमाज नमाजनंतर घडी करून कपाटात ठेवावी, आणि झोपायच्या खोलीचे दार काही दिवस बंद ठेवावे.

एवढे करायला थोडे आठवडे लागतात. बाजारात सोडलेल्या घरच्या मांजराला मात्र तेवढेही दिवस मिळतीलच असे नाही. त्याला शिकार येत नाही, तिथली मांजरे त्याला हाकलतात, आणि मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर ते कुठल्यातरी टोपलीमागे तडफडत मरते. एका मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. मांजराने जागा चुकवली की ती मुले आपण काय करतो हे पाहत असतात. जानमाज धुऊन उन्हात घालावी आणि मांजराला घेऊन दवाखाना गाठावा.