पाच मिलिमीटरची उसनवारी

हवामानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "समुद्र वाढतोय म्हणतात, पण मधे तो खालीही गेला होता. मग खरे काय?" मोबाइलवरून हे वाक्य घरोघर फिरते. पुढे पाठवणाऱ्याला वाटते, शास्त्रज्ञांची चोरी पकडली. या महिन्यात आम्ही याच वाक्याची तपासणी करणार आहोत, कारण त्यातला एक भाग अगदी खरा आहे. समुद्र खाली गेला होता.

२०१० च्या सुरुवातीपासून २०११ च्या मध्यापर्यंत जगभरातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे ५ मिलिमीटरने उतरली. १९९३ पासून उपग्रहांनी घेतलेल्या मोजणीत ती वर्षाला साधारण ३ मिलिमीटरने चढत होती. पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो, तिथे हा दाणा कोणाच्या नजरेस येणार? पण समुद्राचा पसारा अफाट आहे. त्यावरचा १ मिलिमीटरचा थर काढला तर ३६० घनकिलोमीटर पाणी निघते. पाच मिलिमीटरचे झाले १,८०० घनकिलोमीटर. आपले कोयना धरण काठोकाठ भरले की त्यात जेमतेम ३ घनकिलोमीटर पाणी असते. म्हणजे सहाशे कोयना भरतील एवढे पाणी समुद्रातून गेले. कुठे गेले?

हवेत राहिले असे म्हणता येत नाही. समुद्रावरून उठलेली वाफ आभाळात सरासरी आठ-दहा दिवसच टिकते, मग पाऊस किंवा बर्फ होऊन खाली येते. एरवी त्यातला बहुतेक पाऊस समुद्रावरच पडतो, आणि जमिनीवर पडलेला नद्यांवाटे परत जातो. देणे-घेणे जवळपास बरोबरीत राहते. २०१० मध्ये मात्र प्रशांत महासागरात जोरदार 'ला निना' आली. वारे बळावले, कोमट पाणी महासागराच्या पश्चिमेकडे ढकलले गेले आणि पावसाचे ढग समुद्र सोडून जमिनीकडे सरकले. ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, सगळीकडे पाणीच पाणी झाले.

त्याच वर्षीचा पाकिस्तानातला महापूर अनेकांना आठवत असेल. जुलैअखेर सिंधू नदी फुगली, देशाचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याखाली गेला आणि दोन कोटींच्या आसपास लोकांना त्याची झळ बसली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रमजान सुरू झाला, तेव्हा कित्येक कुटुंबे बांधावर आणि तंबूत होती. माणसांचे हाल मोठे झाले, पण समुद्राच्या हिशेबात ते पाणी फार दिवस बाहेर राहिले नाही. सिंधूला समुद्राची वाट आहे. आले तसे ते पाणी बरेचसे अरबी समुद्रात उतरले.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी. त्या खंडाच्या पोटातला मोठा प्रदेश खोलगट आणि कोरडा आहे. तिथल्या नद्या समुद्राला मिळत नाहीत, आतल्या आत आयर सरोवराकडे वाहतात. या सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली आहे. एरवी ते मिठाचे वाळवंट असते. २०१०-११ च्या पावसाने तिथे पाणी साचले आणि तहानलेल्या मातीनेही पोटभर पिऊन घेतले. या पाण्याला बाहेर पडायची एकच वाट, पुन्हा वाफ होऊन वर जायची. तिला वेळ लागतो. म्हणूनच समुद्राची ही उसनवारी दीड वर्ष फिटली नाही.

घरात मुले असतील तर हे परातीत करून दाखवता येईल. परातीत पाणी घ्या, कडेला पेन्सिलीने खूण करा आणि कोरडा स्पंज बुडवून बाहेर काढा. पाणी खुणेखाली जाईल. आता वरून नळ थेंब थेंब सोडा आणि थोड्या वेळाने स्पंज परातीतच पिळा. पाणी जुन्या खुणेच्याही वर जाईल. स्पंज म्हणजे ऑस्ट्रेलियाची माती. नळाचा थेंब म्हणजे वितळणारे बर्फ आणि तापून फुगणारे समुद्राचे पाणी. स्पंज बाहेर होता तेव्हाही थेंब थांबला नव्हता. तसेच झाले. २०१२ मध्ये तूट भरून निघाली आणि पातळी पुन्हा चढू लागली. १९९३ पासून आजवरची एकूण वाढ १० सेंटिमीटरच्या घरात गेली आहे.

हा हिशेब अंदाजाने मांडलेला नाही. समुद्राची उंची मोजणारे उपग्रह वेगळे, पाण्याचे तापमान घेणारे 'आर्गो' तरंगते वेगळे. २००२ मध्ये सोडलेले 'ग्रेस' हे जोड-उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत. खाली पाण्याचे वजन वाढले की तिथली ओढ वाढे आणि दोघांमधले अंतर किंचित बदले. त्यावरून कोणत्या जमिनीवर किती पाणी वाढले ते कळले. समुद्राच्या खात्यातली तूट आणि जमिनीच्या खात्यातली जमा जुळली.

उलटही घडते. 'एल निनो'त पाऊस जमीन सोडून समुद्रावर पडतो. १९९७-९८ आणि २०१५-१६ मध्ये पातळीने नेहमीच्या चढापेक्षा वर उडी घेतली. दर वर्षी उत्तर गोलार्धात जमिनीवर बर्फ साठते आणि वितळते, त्यानेही समुद्र काही मिलिमीटर खालीवर होतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या भावंडांसाठी यातली गोष्ट साधी आहे. घराचे जोते किती उंच घ्यायचे, बागेला बांध कुठे घालायचा, हे एका वर्षाच्या आकड्यावरून ठरवू नये. पातळी उतरली म्हणून गाफील राहू नये, आणि एखाद्या वर्षी उडी मारली म्हणून घाबरून घरही विकू नये. वीस-तीस वर्षांची रेघ पाहावी. ती चढती आहे.

सूरह अल-मुअमिनूनमध्ये आकाशातून पाणी मापाने उतरवून जमिनीत ठेवल्याचा उल्लेख आहे. आयतींतून विज्ञानाचे आकडे काढावेत असे आम्ही म्हणणार नाही, पण माप शब्दाकडे लक्ष जाते खरे. सूरह अल-हुजुरातमध्ये तर कोणी बातमी आणली तर आधी खात्री करून घ्या, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल, अशी स्पष्ट ताकीद आहे. समुद्र खाली गेला ही बातमी खरी होती, पण अर्धी होती. अर्धी बातमी पुढे पाठवण्याआधी उरलेली अर्धी शोधणे, एवढे तर आपल्या हाती आहे.