खलनायकाची कैफियत

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलमध्ये, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके मागे पडत असताना मान वर न करता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर युद्ध खेळणाऱ्या तरुणाविषयी, हा केवळ कालापव्यय आहे असा फैसला आम्ही वडीलधारी माणसे इतक्या तत्परतेने देऊन मोकळे होतो, की अशा खेळांतून गेल्या चार दशकांत एक कथावाङ्मय उभे राहिले आहे आणि त्याचे गुणदोष पारखणे हे समीक्षेचे काम आहे, याची दखल घेण्यास आम्हांस सवडच होत नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याच्या समर्थनार्थ मी एका खलनायकाची साक्ष काढणार आहे.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८६ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातला गॅनन हा वराहमुखी राक्षस होता. नायकाच्या हातून मरणे, एवढेच त्याचे प्रयोजन. अंबरनाथला शके ९८२ मध्ये बांधलेल्या शिवालयावर दुर्गेच्या हातून निःपात पावणारा असुर कोरलेला आहे. तो साडेनऊ शतके त्या एकाच क्षणात स्थिर आहे, आणि शिल्पाला ते शोभते. परंतु जो शत्रू वर्षांमागून वर्षे परत येतो, त्याला स्मृती हवी, वय हवे, मागच्या पराभवाचा काही संस्कार त्याच्या मनावर उमटलेला हवा. १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये गॅननला मानवी देह, गॅननडॉर्फ हे नाव आणि कुळ मिळाले. वाळवंटात राहणाऱ्या गेरुडो स्त्रियांच्या जमातीत शंभर वर्षांतून एकदाच जन्मणारा तो पुरुष, त्यांचा राजा. हायरूलच्या दरबारात गुडघे टेकून निष्ठा वाहणारा, आणि मनात मात्र त्याच राज्याचा घास घेण्याची सिद्धता करणारा.

खरे परिवर्तन घडले ते २००२ च्या 'द विंड वेकर'मध्ये. हायरूल समुद्राखाली बुडालेले आहे, गॅननडॉर्फ वार्धक्याकडे झुकला आहे; आणि अखेरच्या झुंजीपूर्वी नायकाकडे पाठ करून तो आपल्या मुलुखाविषयी बोलू लागतो. तेथे दिवसाचा वारा जाळीत येई, रात्रीचा गारठवीत येई, आणि दोन्ही वारे मृत्यूच घेऊन येत. हायरूलवरून वाहणारा वारा मात्र निराळे काही आणी, आणि त्या वाऱ्याचाच आपल्याला लोभ सुटला, असे तो कबूल करतो. व्हिडिओ खेळांतील खलनायकाच्या तोंडी इतके परिपक्व भाषण मला दुसरे ठाऊक नाही.

ही कैफियत उल्हासनगरात ऐकताना तिला अधिक वजन येते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली. हरवलेल्या मुलुखाचे दुःख या नगराच्या पायातच आहे, आणि ते दुःख उराशी धरूनच तेथील माणसांनी व्यापारउदीम उभा केला. म्हणून गॅननडॉर्फचे दुःख खरे आणि त्याचा गुन्हाही खरा, हे कॅम्पातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. खेळही त्याला माफी देत नाही; मस्तकात तलवार रुतून तो समुद्रतळी पाषाण होतो.

खेद याचा वाटतो, की पुढे निर्मात्यांनीच ही कमाई दवडली. २०११ च्या 'स्कायवर्ड सोर्ड'मध्ये या साऱ्या वैराचे मूळ एका आद्य राक्षसाच्या शापात दाखवण्यात आले. २०१७ मध्ये गॅनन वाचाहीन, रूपहीन द्वेषाचा लोळ झाला. २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये त्याला पुन्हा देह आणि वाणी लाभली, रुबाबही लाभला, पण अंतःकरण काही लाभले नाही. शाप आला म्हणजे स्वभाव संपलाच पाहिजे असे थोडेच आहे? जय आणि विजय हे विष्णूचे द्वारपाल शापामुळेच तीनदा असुरभावाने जन्मले. तरीही पोटच्या पोरावर उलटलेला हिरण्यकशिपू, विद्वान आणि अहंकारी रावण, भर सभेत जिभेला लगाम न घालणारा शिशुपाल, यांपैकी एकाची जागा दुसऱ्याला घेता येणार नाही. आमच्या पुराणकारांनी शाप कायम ठेवून माणूस बदलता ठेवला.

आपल्या मल्हारीच्या कथेतला मणी तर याहून पुढे जातो. मल्ल आणि मणी हे दोघे बंधू दैत्य. पण अंतकाळी मणी शरण आला, आपला पांढरा घोडा त्याने खंडोबाला दिला, आणि देवाच्या सान्निध्यात स्थान मागून घेतले. उद्या अंबरनाथ-बदलापूरचा एखादा तरुण हीच कथा खेळात उतरवू लागला, तर त्याने मणीला शेवटच्या पातळीवर मार खाण्यापुरता उभा करू नये. त्याला मल्लाविषयी बोलू द्यावे, आपण काय केले ते आपल्या तोंडाने सांगू द्यावे, आणि घोड्याचा लगाम मल्हारीच्या हाती देण्यापूर्वी खेळणाऱ्याला थोडा वेळ थांबायला लावावे.