पणजोबा सापडतात, पणजी सापडत नाही

अमेरिकेत आपली वंशावळ शोधणे हा आता घरोघरचा छंद झाला आहे. संगणकावर पणजोबांचे नाव टाकायचे आणि जुन्या जनगणनेची पाने बघत मागे मागे जायचे. पणजोबा सापडतात. पणजीपाशी मात्र वाट खुंटते, कारण लग्नाआधी ती कोण होती याचा कागद मिळत नाही.

१८५० पूर्वीच्या तिथल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे! १८५० पासून प्रत्येक मुक्त माणसाचे नाव आले. गुलामांची नोंद तेव्हाही मालकाच्या नावाखाली, बहुधा निनावीच. घरातल्या कोणाचे प्रमुखाशी काय नाते, हे १८८० मध्ये विचारले गेले. १८९० ची बहुतेक पाने तर १९२१ सालच्या आगीपायी गेली. (आपण हसू नये. आमच्याकडे लग्नात मुलीचे आडनावच काय, पाळण्यातले नावही बदलत.)

मार्था होड्स या इतिहासकार बाईंनी २००६ साली 'द सी कॅप्टन्स वाइफ' हे पुस्तक लिहिले, ते मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. त्याची नायिका युनिस १८३१ साली मॅसॅच्युसेट्समध्ये गरीब गोऱ्या घरात जन्मली. कापडगिरणीत राबली, लोकांकडे धुणीभांडी केली. नवऱ्यामागून दक्षिणेत अलाबामातल्या मोबील शहरी गेली आणि तेवढ्यात यादवी युद्ध पेटले. नवरा दक्षिणेच्या सैन्यात, माहेरचे भाऊ उत्तरेच्या! ती मुलाला घेऊन, पोटुशी असताना, माहेरी परतली. नवरा पुढे मेला.

आता गंमत बघा. त्या काळच्या सामान्य बाईचा माग काढायला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनच्या फायली. १८६२ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागली आणि ती मिळवायला बाईला आपले लग्न, मुलांचे जन्म, सारे साक्षीदारांनिशी सिद्ध करावे लागे. सरकारला पैसे द्यायचे होते म्हणून तिचे आयुष्य कागदावर आले! युनिसचा नवरा मात्र बंडखोरांच्या बाजूचा, तेव्हा ते दारही बंद.

१८६९ मध्ये तिने दुसरे लग्न केले ते कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरच्या विल्यम स्माइली कॉनोली या जहाजाच्या कप्तानाशी. तो कृष्णवर्णीय वंशाचा, खाऊन-पिऊन सुखी. न्यू इंग्लंडमध्ये तो 'काळा' ठरे; त्याच्या बेटावर तो प्रतिष्ठित गृहस्थ होता. धुणी धुणारी युनिस तिथे कप्तानीणबाई झाली! एकच माणूस, पण बंदर बदलले की रकाना बदलतो. नुसती नावे आणि तारखा जोडून केलेल्या वंशवृक्षात हे कसे दिसणार? तिथे फक्त 'दुसरा विवाह, १८६९' एवढेच दिसेल.

हे कळते ते पत्रांमुळे. या कुटुंबाची सुमारे ५०० पत्रे आज ड्यूक विद्यापीठात आहेत. गिरणीत काम करणारी माणसे ती. शुद्धलेखन यथातथाच, पण लिहीत राहिली आणि घरच्यांनी टाकून दिली नाहीत. तरीही मध्ये भगदाडे आहेत. त्या दोघांची ओळख कशी, कुठे झाली असेल, अशा ठिकाणी होड्सबाई सरळ 'कदाचित' म्हणतात. काही वाचकांना हे खटकते. इतिहासात अंदाज कसला, असे त्यांचे म्हणणे. मला उलटेच वाटते. 'कदाचित' नको म्हटले तर सेनापती आणि जमीनदार तेवढे उरतील, कारण कागद त्यांचेच भरपूर आहेत. अट एकच, अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगावा. होड्सबाई ती पाळतात.

सप्टेंबर १८७७ मध्ये कप्तान, युनिस आणि त्यांच्या लहान मुली समुद्रात वादळात सापडून बुडाल्या.   पुस्तक झाले ते माहेरच्या माणसांनी जपलेल्या पत्रांवर.