घरात धूर करण्यापूर्वी

मृगाच्या सरी पडून डबकी भरली की गोठ्यात व घरात डासांचा उपद्रव वाढतो. अशा वेळी कीटकनाशकाचा धूर सोडणारे यंत्र गावात फिरवावे, अशी मागणी ग्रामसभेत हटकून होते. अलीकडे हातात धरण्याजोगी लहान धूरयंत्रेही बाजारात मिळू लागली आहेत. गोठ्यासाठी आणलेले यंत्र काही शेतकरी बंधू राहत्या घरातही चालवितात. पांढरा धूर दाटला, चार डास खाली पडले, की काम फत्ते झाले असे ते मानतात. हा समज चुकीचा तर आहेच. पण घातकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यात एका गावी गेलो असता एका घरातील तिघांना मळमळ व डोकेदुखी सुरू झाल्याचे कळले. चौकशीअंती असे आढळले की, कपाशीवर फवारून उरलेले औषध रॉकेलमध्ये मिसळून त्यांनी घरात धूर केला होता. पाण्याचे मडके उघडे होते आणि पलीकडच्या खोलीत चूल पेटलेली होती. वेळीच दवाखाना गाठल्याने अनर्थ टळला. “शेतात चालते ते घरात का चालू नये?” असे त्या गृहस्थांनी मला विचारले. त्यांना दोष देण्यास माझी जीभ वळेना. कारण त्याच गावी आम्ही फवारणीचे प्रात्यक्षिक दाखविले होते. परंतु उरलेल्या औषधाचे काय करावे, हे सांगावयाचे राहून गेले होते.

धुराचे कार्य कसे चालते हे समजून घेतले, तर त्याची मर्यादाही ध्यानात येईल. धुरातील औषधाचे कण अतिशय सूक्ष्म असतात. ते हवेत तरंगतात व त्या वेळी उडत असलेल्या डासांना लागून त्यांना मारतात. धूर विरला की त्याचा प्रभावही संपतो. पाण्यातील अळ्यांना त्याची झळ लागत नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे आज धूर केला, तरी पुढील आठवड्यात नवी पिढी हजर! डेंग्यू पसरविणारा डास तर रांजण, टाकी, कूलर, जुने टायर यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो.

ढेकूण व झुरळे यांची गोष्टही अशीच आहे. ती फटींत दडून बसतात आणि धूर तेथवर पोचत नाही. अमेरिकेत घरात ठेवून सोडावयाच्या धूर-डब्यांचा मोठा प्रचार आहे. तेथील ओहायो राज्य विद्यापीठाने २०१२ साली ढेकणांवर आणि उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठाने २०१९ साली झुरळांवर या डब्यांची परीक्षा घेतली. दोन्ही ठिकाणी हे डबे कुचकामी ठरले. झुरळांवर आमिषात घातलेले औषध मात्र गुणकारी ठरले. ढेकणांसाठी बाजेच्या सांध्यांत कढत पाणी ओतणे व अंथरूण कडक उन्हात टाकणे, हा आपल्याकडील जुना उपाय आजही उपयुक्त आहे.

इतके करूनही धूर करणे भागच पडले, तर पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. घरगुती वापरासाठी असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलेच औषध घ्यावे. मात्रा वेष्टनावर सांगितली तेवढीच ठेवावी. दुप्पट केल्याने दुप्पट गुण येत नाही.

२. चूल, दिवा, गॅस व उदबत्ती विझवावी. रॉकेल किंवा ज्वालाग्राही वायू असलेला दाट धूर पेट घेऊ शकतो.

३. लहान मुले, वृद्ध, गर्भवती व जनावरे यांना आधी बाहेर न्यावे. पाणी, अन्न व धान्य झाकावे.

४. धूर करणाराने तोंडावर योग्य मुखवटा व हातांत मोजे घालावेत. आतून दाराकडे मागे सरकत बाहेर यावे.

५. वेष्टनावरील वेळ संपल्यावर दारे-खिडक्या उघडून घर चांगले हवेशीर करावे, ताटे-भांडी व ओटा धुवावा आणि मगच आत राहावे.

कोणास त्रास झाल्यास त्यास मोकळ्या हवेत आणावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, आणि औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. आपल्या मनाने उलटी करवू नये.

शेतातील औषध घरात आणणे, हा तर कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नसलेला प्रकार होय. बाटलीवरील त्रिकोणाचा तांबडा रंग सर्वांत अधिक विषारी औषधाची खूण आहे; त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र नव्हे. १९६८ चा कीटकनाशक कायदा वेष्टनावरील सूचनांना महत्त्व देतो, ते उगीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. मोकळ्या शेतात जे विष इतके घात करते, ते बंद खोलीत काय करील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना शेवटी एकच सांगावयाचे आहे. धूरयंत्राची मागणी आली की होकार देणे सोपे असते, कारण धूर सर्वांना दिसतो. साथीच्या वेळी आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली त्याचे स्थानही आहे. परंतु एरवी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे, शौचालयाच्या वायुनळीस जाळी बांधणे, सांडपाण्यासाठी शोषखड्डे घेणे, ही कामे दिसत नसली तरी टिकतात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी जिरविले व डासांचे मूळच तोडले. पुढील ग्रामसभेत धुराचा विषय निघाला, तर आधी घरोघरचे रांजण पाहण्यास चला, असे आपण सांगावे.