जवसाचे तेल, पुण्याचे रक्त आणि मेंडेलचे वाटाणे

आमच्या ओळखीच्या एका शेतकरी बाईंनी यंदा बांधीत जवसाचा उतेरा टाकला नाही. कारण विचारले तर म्हणाल्या, "मुलाने मोबाईलवर वाचून दाखवले. पिढ्यान् पिढ्या तेल-भाजी खाणाऱ्या हिंदुस्थानी माणसाचे रक्तच बदलले आहे, आणि त्यामुळे कॅन्सर होतो म्हणे." त्यांची थोरली बहीण पोटाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ती ज्या बातमीवर उभी आहे, ती बातमी मात्र तपासून पाहिली पाहिजे.

ही बातमी 2016 सालची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या संशोधकांना सोबत घेऊन 234 लोकांची जनुके तपासली. हे लोक पुण्याचे व बहुतांशी शाकाहारी होते. त्यांची तुलना 311 अमेरिकनांशी केली. वनस्पतीच्या तेलातील साध्या स्निग्धाम्लापासून शरीर अॅराकिडोनिक अॅसिड नावाचे मोठे स्निग्धाम्ल तयार करते. हे काम जोरात करणारा जनुकाचा प्रकार आईबापांकडून दुहेरी मिळालेले लोक पुण्यात 68 टक्के निघाले, अमेरिकेत 18 टक्के. मांस-मासळी न खाणाऱ्याला हा गुण उपयोगीच, कारण जे ताटात नाही ते शरीर स्वतः करून घेते. पण याच अॅराकिडोनिक अॅसिडपासून शरीरात दाह वाढवणारी द्रव्येही बनतात, आणि दाह फार दिवस राहिला तर कॅन्सरला वाव मिळू शकतो.

शास्त्रज्ञांचे म्हणणे एवढेच होते. परदेशी वर्तमानपत्रांनी मथळा दिला की शाकाहाराने जनुक बदलते व कॅन्सर वाढतो. वाचकहो, कोणाला कॅन्सर झाला हे त्या अभ्यासात मोजलेच नव्हते! आणि भाजी खाल्ल्याने कोणाचे जनुक बदलत नाही. आपण बियाण्यासाठी चांगली लोंबी राखून ठेवतो, म्हणून काही वर्षांनी शेतात तोच वाण अधिक दिसतो. इथेही तसेच घडले, फक्त निवड करणारा शेतकरी नव्हता. हजारो वर्षांचे अन्न होते.

मग स्निग्ध पदार्थ आणि कॅन्सर यांचा संबंध शोधायचा कसा? तूप खाणारा व न खाणारा यांची नुसती तुलना करून भागत नाही. तूप खाणाऱ्याकडे पैसा असतो, तो ऊन्हातान्हात कमी राबतो, दुसरा कदाचित तंबाखू खातो. कशामुळे काय झाले हे कळणार कसे? कृषी विद्यापीठाचे लोक खताचा प्रयोग करताना चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवतात, म्हणजे चांगली जमीन एकाच खताच्या वाट्याला जात नाही. माणसाच्या जन्मात अशी चिठ्ठी निसर्गच टाकतो. आईच्या दोन जनुकांपैकी कोणते मुलाला मिळेल हे पैशावर किंवा तंबाखूवर ठरत नाही. हा नियम ब्रनोच्या मठातील अगुस्तिनी संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरून शोधला आणि 1866 साली छापला. म्हणून या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात.

या पद्धतीचा एक मोठा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरात ही स्निग्धाम्ल बनवणारी यंत्रणा जन्मतः अधिक चालते, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या व फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका काहीसा जास्त दिसला. रक्ताच्या व प्रजनन अवयवांच्या कॅन्सरशी मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे मुद्दा पोकळ नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हे एकच जनुक ओमेगा-6 आणि ओमेगा-3 या दोन्ही जातींच्या स्निग्धाम्लांवर काम करते. तेव्हा दोष कोणाचा, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. दुसरे म्हणजे त्यातील माणसे युरोपातील व पूर्व आशियातील होती. बैहरचा बैगा, लांजीचा पोवार, वारासिवनीचा धानवाला त्यात नव्हता. पुण्याचा शाकाहारी माणूस सुद्धा आपला नमुना होऊ शकत नाही. आपल्याकडे तळ्याची मासळी आणि कोंबडी घराघरात चालते. आपले रक्त न तपासता आपल्याविषयी निकाल देऊ नये, आणि पुढच्या अभ्यासात आपल्यासारख्यांना घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जवसाचे. ज्या तेलांत ओमेगा-6 फार असते त्यांत सूर्यफूल, करडई व सोयाबीन येतात. अॅराकिडोनिक अॅसिडचा कच्चा माल तोच. जवसाच्या तेलात जवळजवळ निम्मे किंवा अधिक ओमेगा-3 असते, आणि ते त्याच यंत्रणेत शिरून ओमेगा-6 ची जागा अडवते. म्हणजे त्या बाईंनी सोडले तेच नेमके ठेवण्याजोगे होते! फक्त हे तेल तळणाला वापरू नये, तापवले की लवकर बिघडते. चटणी कुटून खावी. शेंगदाण्याला बुरशी आली असेल तर तो फेकावा. त्या बुरशीच्या विषाने यकृताचा कॅन्सर होतो, आणि हे पक्के सिद्ध झालेले आहे. तंबाखूचेही तसेच. जनुकाच्या मथळ्याला घाबरून तेल सोडणारा आणि बोलताबोलता खर्रा तोंडात टाकणारा माणूस मी याच महिन्यात पाहिला.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले की पुढच्या वर्षी धान कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, बांधीत ओल असतानाच, उतेरा टाका. बी माझ्याकडून न्या.